दोन कुलपांचं कपाट

मित्रांनो, मी एक जुनं कपाट आहे, आणि त्याआधी मी शाळेतले सहा बाक होतो. तुम्ही हसाल, पण खरंच. माझ्या डाव्या दारावर नीट पाहिलंत तर कर्कटकाने कोरलेली एक बेरीज दिसेल. ती चुकलेली आहे. माझ्या मधल्या फळीला एक गोल भोक आहे, तिथे कधीकाळी शाईची दौत बसायची. इतकी वर्षं मुलांच्या कोपरांखाली काढली की लाकूडही थोडं बोलकं होतं. फक्त ते बोलणं माणसांना ऐकू जात नाही, आणि माझ्या सगळ्या गोष्टीचं दुखणं तेवढंच आहे.

शाळेत नवे बाक आले तेव्हा आम्हाला मागच्या अंगणात सरपणाच्या ढिगावर टाकलं. पाऊस दोनदा आमच्या अंगावरून गेला. तिसऱ्यांदा जायच्या आत सुतारभाऊ आले. त्यांनी बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "हे काही जाळायचं लाकूड नाही." सुतारभाऊ दिवसाकाठी दहा वाक्यं बोलत असतील, त्यातलं हे एक माझ्या वाट्याला आलं. मी ते अजून जपून ठेवलंय.

त्यांनी मला घडवायला तीन आठवडे लावले. नवा खिळा एकही घेतला नाही. बाकांतले जुने, वाकडे खिळे उपटून, दगडावर ठेवून, हातोडीने हळूहळू सरळ करत बसायचे. पोस्टाच्या बाई दारात उभ्या राहून बघायच्या. "भाऊ, खिळे सरळ करण्यात तुमचं अर्धं आयुष्य जायचं," त्या एकदा म्हणाल्या.

"उरलेलं अर्धं तुमच्या मीटिंगांत जातंच आहे," सुतारभाऊ मान वर न करता म्हणाले.

बाई खळखळून हसल्या. ते दोघं तेव्हा असं बोलायचे. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, पुढे ते आठवायला लागेल.

पोस्टाच्या बाई म्हणजे आमच्या लहानशा गावच्या टपाल कार्यालयातल्या बाई. तीस वर्षं त्यांनी इथे शिक्के मारले. त्या निवृत्त झाल्या आणि पाठोपाठ कार्यालयही बंद झालं. रिकामी खोली त्यांनी मागून घेतली आणि तिथे गावमंडळ सुरू केलं. मंडळात सात जण. पगार कोणालाच नाही, हौस सगळ्यांना. गावाने कमी फेकावं, जास्त दुरुस्त करावं, मातीचं मातीला परत द्यावं आणि पाणी अडवून वापरावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मागे ओल्या कचऱ्याचे दोन खड्डे होते, पन्हाळीखाली पावसाच्या पाण्याची टाकी होती. सुट्टीच्या दिवशी टपालाच्या जुन्या खिडकीत शिंपीणताई तिचं मशीन मांडून बसायची आणि सुतारभाऊ शेजारी पेटी उघडायचे. फाटक्या छत्र्या, लंगड्या खुर्च्या, मुके झालेले रेडिओ, सगळ्यांची तिथे रांग लागायची.

आणि मी होतो बियाणांसाठी. बाईंचा जीव या कामात सगळ्यात जास्त होता. हंगाम संपला की घराघरातून बी यायचं. बाई ते काचेच्या बरणीत भरायच्या, त्यात राख मिसळायच्या, तोंडाला फडकं बांधायच्या. प्लॅस्टिकचं झाकण मंडळाच्या नियमात बसत नव्हतं. मग चिठ्ठी चिकटवायच्या. हात पोस्टातला, तो कुठे जाणार? प्रत्येक चिठ्ठीवर वर लिहायच्या 'प्रेषक' आणि खाली 'प्रति'. प्रेषक, शिंपीणताई, वरची आळी. प्रति, ज्याला हवं त्याला. वर्षातून दोनदा मला रिकामं करायचे, बरण्या अंगणात उन्हात ठेवायचे, बी चाळायचे, कीड दिसली तर काढायची, आणि पुन्हा भरायचे. त्या दिवशी माझी दारं दिवसभर सताड उघडी असायची आणि ऊन माझ्या आतपर्यंत यायचं. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कोणते विचारलंत, तर ते.

त्या सगळ्या बरण्यांत एक बरणी दौतीच्या भोकावर बसायची, कारण तिचा बुडाचा भाग जरा फुगीर होता आणि ती दुसरीकडे डुगडुगायची. तिच्यात ठिपक्यांचा घेवडा होता. पांढरट बी, त्यावर तांबडे ठिपके, जणू कोणी लाल शाईचं पेन झटकलं असावं. प्रेषक, सुईणआजी.

सुईणआजीने या गावातली अर्धी माणसं जगात आणली. ज्या घरी बाळ होई, त्या घरी ती बाळंतिणीच्या हातावर या घेवड्याच्या सात बिया ठेवायची आणि सांगायची, परसात लाव, बाळ रांगायला लागेल तोवर वेल भिंतीवर चढेल. हे बी तिला तिच्या आईने दिलं होतं, आईला तिच्या आईने. गावात कोणाचं वय सांगायचं झालं तर लोक म्हणायचे, अमक्याचा वेल लावला त्या सालचा. बाईंचा वेल होता, सुतारभाऊंचा होता. सगळ्यांचे होते.

पहिल्या वर्षी आजी अर्धं बी घेऊन आली. बाईंनी बरणी हातात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "आजी, बाकीचंही आणा ना. घरी उंदीर आहेत, ओल आहे, नातवंडं कुठेतरी सांडून ठेवतात. इथे सगळ्यांचं एकत्र राहील. कोणालाच कमी पडणार नाही."

"एक मूठ ठेवते की घरी," आजी म्हणाली. "राखेच्या मडक्यात आहे. कुणाला दिसतसुद्धा नाही."

"तुम्ही ठेवलीत तर बाकीचेही ठेवतील. मग ते सगळ्यांचं कसं होणार?"

आजी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिला तेव्हा बऱ्यापैकी दिसायचं. दुसऱ्या दिवशी ती पदराच्या गाठीत ती शेवटची मूठ घेऊन आली आणि बरणीत रिकामी केली. गाठ झटकली, एक बी अडकलं होतं तेही काढलं. तिने दिलं म्हणून सगळ्या गावाने दिलं. घराघरातली मडकी, गाठोडी, खुंटीवर टांगलेल्या पिशव्या रिकाम्या झाल्या आणि मी भरलो. मला तेव्हा फार अभिमान वाटला, हे मी कबूल करतो. छाती असती तर फुगली असती.

आता कुलपांचं सांगतो. त्याच वर्षी काकडीच्या बियांची एक बरणी दिसेनाशी झाली. सातही जण एकमेकांकडे बघायला लागले. चहाचे कप जरा जोरात ठेवले जाऊ लागले. खरं तर ती बरणी माझ्याच पोटात होती. खालच्या खणामागे घसरून आडवी पडली होती. मी जिवाचा आटापिटा केला, पण लाकडाने करून करून काय करावं? जरा कुरकुरलो. शिंपीणताई म्हणाली, हवा बदलली वाटतं.

बरणी सापडली, पण मनात आलेलं गेलं नाही. तेव्हा बाईंनी तोडगा काढला. कपाटाला दोन कड्या, दोन कुलपं. एकाची किल्ली बाईंकडे, दुसऱ्याची सुतारभाऊंकडे. दोघं हजर असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. म्हणजे कोणावर आळ नको आणि संशयाला जागा नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. सुतारभाऊंनी स्वतःच्या हाताने माझ्यावर दुसरी कडी ठोकली. लोकांच्या भल्यासाठी रात्रंदिवस झिजणारी माणसंच असला नियम करू शकतात, मित्रांनो. लबाडांना तो सुचलाच नसता.

त्यानंतरची चार-पाच वर्षं चांगली गेली. लांबलांबची माणसं मंडळ बघायला यायची. माझ्या चुकलेल्या बेरजेवरून हात फिरवायची. एका पाहुण्याने तर माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

मग तो दिवस आला. शेजारच्या गावांतून चाळीसेक पाहुणे यायचे होते. पाण्याची जबाबदारी सुतारभाऊंची होती. पहाटेपासून मी त्यांना खिडकीबाहेर ठोकताना ऐकत होतो. टाकीची तोटी निसटली होती आणि पाणी सगळं वाहून गेलं होतं. सकाळभर ते त्या तोटीशी झुंजले. तोटी बसली, पण टाकी कोरडी ती कोरडीच. विहीर लांब. पाहुणे दारात. शेवटी ते सायकलवर गेले आणि दुकानातून पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा एक मोठा खोका घेऊन आले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

बाई पाहुण्यांना नेमकं तेच सांगत होत्या की, आमच्या मंडळात गेली सहा वर्षं प्लॅस्टिकची एक बाटली आलेली नाही. वळल्या तर समोर खोका. त्यांचा चेहरा पडला. सगळे बघत होते.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "कपाट तुम्ही केलंत म्हणून नियम तुम्हाला लागू नाहीत, असं होत नाही."

एवढंच वाक्य. आवाजही चढला नव्हता. सुतारभाऊंनी खोका खाली ठेवला. तोटीचं काही बोलले नाहीत. एकेक बाटली उघडून घागरीत ओतली, रिकामी बाटली पायाखाली चपटी केली, पिशवीत भरली. सगळ्या बाटल्या होईपर्यंत कोणी हललं नाही. मग पिशवी खांद्याला लावून ते गेले. दुसरी किल्ली त्यांच्या जुडग्यात होती, तीही गेली.

तोटीचं बाईंना त्याच संध्याकाळी कळलं. शिंपीणताईने सांगितलं. बाई कितीतरी वेळ टपालाच्या खिडकीपाशी बसून होत्या. मला वाटलं, आता उठतील आणि सरळ त्यांच्या घरी जातील. घर तरी किती लांब? तीन वळणं. पण बाई म्हणाल्या, "एका शब्दावरून माणूस असा जातो? येतील. राग निवला की येतील." आणि तिकडे सुतारभाऊ म्हणत होते म्हणे, "बोलावलं तर जाईन." हे शिंपीणताईनेच सांगितलं. ती दोन्हीकडे जायची, दोन्हीकडचं सांगायची आणि दोन्हीकडे चहा प्यायची. चल, असं तेवढं कोणाला म्हणाली नाही.

पेरणीच्या दिवसांत लोक आले. बाईंनी त्यांना सांगितलं, या वर्षी बाजारातलं पेरा, पुढच्या वेळी नक्की देऊ. लोकांनी बाजारातून चकचकीत पाकिटं आणली. कोणीतरी म्हणालं, कुलूप तोडा की. बाई ताडकन म्हणाल्या, "तोडणार नाही. कुलूप तोडणं म्हणजे भाऊंना चोर म्हणणं." त्या खरंच असं मानत होत्या. भाऊंचा मान राखण्यासाठी त्या कुलपाला हात लावत नव्हत्या, आणि भाऊंना मान दुखावला म्हणून राग होता. मी मधे उभा होतो, दोन्ही कड्या लावून.

त्या पावसाळ्यात छत गळायला लागलं. छत दरवर्षी सुतारभाऊ बघायचे, त्या वर्षी कोणी बघितलं नाही. पाणी भिंतीवरून ओघळून माझ्या पाठीला लागलं. माझी पाठ फुगली. ओल आत शिरली आणि बरण्यांवरची फडकी दमट झाली. मग एके दुपारी, सगळं सामसूम असताना, मला आतून एक बारीक आवाज आला. कुर्र, कुर्र. मी शाळेत असताना मुलं पेन्सिलीला टोक करायची, तसा.

मित्रांनो, तो भुंग्यांचा आवाज होता. बी पोखरायला लागले होते. आधी चवळीत, मग मक्यात, मग फडकी कुरतडून एका बरणीतून दुसरीत. ज्यांना सांभाळायला मला घडवलं, ते माझ्याच पोटात खाल्ले जात होते आणि माझी दारं बाहेरून बंद होती. मला फार भीती वाटायची. मी रोज जमेल तेवढा कुरकुरायचो. शिंपीणताई म्हणायची, जुनं लाकूड, दुसरं काय. दुसरा पावसाळाही तसाच गेला. आता आवाज कमी झाला होता. मला आधी बरं वाटलं. नंतर समजलं, खायलाच काही उरलं नाही म्हणून तो कमी झाला होता.

तिसऱ्या वर्षी सुईणआजी काठी टेकत आली. आता तिला फारसं दिसत नव्हतं. "नातीला दिवस गेलेत," ती बाईंना म्हणाली. "माझ्या हातची सगळी बाळंतपणं झाली, ही शेवटची. सात बिया दे."

बाई म्हणाल्या, "आजी, दुसरी किल्ली भाऊंकडे आहे."

"मग?"

आजीने जास्त विचारलं नाही. काठी उचलली आणि निघाली. तासाभराने ती सुतारभाऊंना मनगटाला धरून घेऊन आली. एवढा मोठा माणूस, डोक्याचे केस पिकलेले, पण तिच्यामागून पोरासारखा चालत होता.

"तुम्हा दोघांचं पहिलं रडणं मी ऐकलंय," आजी म्हणाली. "दोघंही बेताचंच रडला होतात. आता उघडा."

सुतारभाऊंचं कुलूप गंजलं होतं. त्यांनी तेल घातलं, हळूहळू फिरवलं. बाईंनी आपलं उघडलं. कोणी कोणाकडे बघितलं नाही. मग माझी दारं उघडली आणि तीन वर्षांनी माझ्यात उजेड आला. त्या उजेडाची मी किती वाट पाहिली होती, आणि तो आला तेव्हा मला लाज वाटली.

बरण्यांत पीठ होतं. करडं, उग्र वासाचं पीठ आणि रिकामी टरफलं. बाईंनी एक बरणी काढली, दुसरी काढली, मग भराभर काढायला लागल्या. प्रेषक वाचता येत होतं, आत काही नव्हतं. सुतारभाऊ खाली बसले. "मी रोज या दारावरून जात होतो," ते म्हणाले. "रोज. किल्ली खिशात होती."

"काय झालं?" आजीने विचारलं. तिने हात पुढे केला आणि बाईंनी दौतीच्या भोकावरची बरणी तिच्या हातात दिली. आजीने बोटं आत घातली. पीठ बोटांच्या चिमटीत धरून चोळलं, वास घेतला.

मग बाई घरोघर फिरल्या. कोणाकडे एक मूठ, चार बिया, एखादी विसरलेली वाळलेली शेंग आहे का? शिंपीणताईकडे, वरच्या आळीत, खालच्या आळीत. लोक सांगायचे, बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, घरी ठेवू नका. बाईंनी परत येऊन हे तसंच्या तसं सांगितलं. स्वतःला कमी लागेल असं काही त्यात त्यांनी घातलं नाही.

सुतारभाऊंनी दोन दिवस बसून आजीच्या बरणीतलं पीठ चाळलं. त्यातून अकरा बिया अख्ख्या निघाल्या. पोकळ वाटत नव्हत्या. त्यांनी अकरा कुंड्या आणल्या, खड्ड्यातलं खत चाळून भरलं आणि टपालाच्या खिडकीत माझ्यासमोर मांडल्या. सकाळी बाई पाणी घालायच्या, संध्याकाळी भाऊ. पहिल्या दिवशी ते एकमेकांशी पाण्याबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशीही पाण्याबद्दलच. आठ दिवस झाले, दहा झाले. माती तशीच. पंधराव्या दिवशी भाऊंनी एका कुंडीत बोट घातलं आणि बी वर काढलं. ते चिखलासारखं मऊ होऊन बोटाला लागलं.

त्याच दुपारी बाई एकट्या आल्या. हातात कागदाची पुडी होती. बाजारातला घेवडा. त्यांनी त्यातलं सगळ्यात ठिपकेदार एक बी निवडलं आणि कोपऱ्यातल्या कुंडीत बोटाने दाबलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"तू काही बोलू नकोस," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी थेट बोललं ते हेच. मला बोलता आलं असतं तर तेव्हा मी गप्प राहिलो असतो का, याचा मी खूप विचार केला आहे. राहिलो असतो बहुतेक.

सहाव्या दिवशी कोंब वर आला. सुतारभाऊंनी तो बघितला आणि डोळे पुसत, चपला घालायचं विसरून, आजीला आणायला गेले. मला त्यांची फार दया आली. नातीचे दिवस अगदी भरत आले होते. आजी येऊन खिडकीशी बसली. बाईंनी कुंडी तिच्या मांडीवर ठेवली. आजीने देठ दोन बोटांत धरला आणि खालून वर हळूच बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. पानाची कड चाचपली. तिच्या घेवड्याच्या देठाला बारीक लव असायची, तान्ह्या बाळाच्या कानाला असते तशी. हा देठ गुळगुळीत होता.

"हे मूल माझ्या हातचं नाही," आजी म्हणाली.

सुतारभाऊंनी बाईंकडे पाहिलं. बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी तोंड पदरात घातलं. "आजी, मी..." एवढंच त्या म्हणाल्या. तीन वर्षांपूर्वी तीन वळणांवरच्या घरी जाऊन म्हणायचं होतं तेही, मला वाटतं, त्यात होतं. पण फार उशीर झाला होता.

"असू दे," आजी म्हणाली. "जगतंय ना? मग याचं पाणी तोडू नका. त्याचा काय दोष?" ती उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. "माझी बरणी तेवढी दे."

"रिकामी आहे, आजी."

"रिकामी का होईना, घरी असू दे."

बाईंनी बरणी पुसली. चिठ्ठी काढायला गेल्या, पण ती निघेना. आजीने ती तशीच पदराखाली घेतली आणि सुतारभाऊंच्या हाताला धरून गेली. त्यानंतर ती या खोलीत आली नाही. नातीला मुलगी झाली. त्या बाळंतिणीच्या हातावर आजीने काहीच ठेवलं नाही, नुसता आपला हात ठेवला. हिवाळा संपता संपता आजी गेली.

आता मंडळात तिघंच उरलेत. बाई, भाऊ आणि शिंपीणताई. बाई आणि भाऊ बोलतात, बरंच बोलतात, पण खिळ्यांवरून एकमेकांची थट्टा करत नाहीत. माझ्यात आता जुने कागद, चहाचे कप आणि मंडळाचा गुंडाळलेला फलक असतो. कुलपं काढून टाकलीत. त्या दोन कड्या लोंबतात, वारा आला की वाजतात. दौतीच्या भोकावर काही ठेवत नाहीत.

आजीने नातीच्या परसात भिंतीला एक दोरी आधीच बांधून ठेवली होती, वेल चढायला. शिंपीणताई सांगते, नातीची मुलगी आता रांगायला लागली, आणि त्या दोरीवर तिचे कपडे वाळत घालतात.

मित्रांनो, मला रंग द्या, माझी फुगलेली पाठ बदला, असं मी म्हणणार नाही. माझ्यासारख्या कपाटाने याहून जास्त काही मागूही नये. पण तुमच्याकडे सगळं द्या म्हणून कोणी आलं, कितीही चांगलं माणूस आलं, तरी एक मूठ घरी ठेवा. आणि तुमची दुसरी किल्ली ज्याच्याकडे आहे त्याच्याशी अबोला असेल, तर तो येईल म्हणून वाट बघू नका. घर तीन वळणांवर असेल. चपला नाही सापडल्या तरी तसेच जा. बंद दाराआड जे ठेवलेलं असतं, ते तुमचा राग निवेपर्यंत थांबत नाही. मी आतून ऐकलंय.